वाईट बातमी सांगायला शिकवणारा व्हिडिओ कसा करावा

कॅन्सरचं निदान रुग्णाला कसं सांगावं, हे इंटर्न आणि नर्सना ऑनलाइन शिकवायचंय? मग व्याख्यान रेकॉर्ड करू नका. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० साली मांडलेल्या ‘स्पाइक्स’ पद्धतीच्या सहा पायऱ्या स्लाइडवरून पाठ होतात, पण रुग्णासमोर तोंडातून शब्द फुटत नाही. एका व्हिडिओत एकच प्रसंग घ्या, फार तर पाच मिनिटांचा.

रुग्णाच्या भूमिकेत अभिनेत्री घ्या. खऱ्या रुग्णाने संमती दिली तरी नको. संवाद पाठ करून घेऊ नका. तिला काय माहीत आहे, कशाची धास्ती आहे, सोबत कोण आलंय, एवढं टिपण पुरे. डॉक्टर आणि अभिनेत्री, दोघांना कॉलर माइक लावा, पंखा बंद ठेवा.

आता अवघड भाग. डॉक्टर म्हणतात, “काकू, रिपोर्ट आलाय. बातमी चांगली नाही. गाठ कॅन्सरची आहे.” इथे डॉक्टरांनी गप्प राहायचं, आठ-दहा सेकंद. काकू फाइलचा कोपरा दुमडत बसतात, मग म्हणतात, “मुलीचं लग्न आहे हो मे महिन्यात.” ही शांतता म्हणजेच धडा. एडिटिंग करणारा ती हमखास कापतो, म्हणून त्याच्याशेजारी बसा. दोघंही एकाच फ्रेममध्ये हवेत, तेही हातांसकट. नुसता डॉक्टरांचा चेहरा दाखवलात तर ते कशासाठी थांबलेत तेच कळत नाही. आणि प्लेअरमधला वेग वाढवायचा पर्याय बंद करा. दीडपट वेगात दहा सेकंदांची सातही उरत नाहीत.

काकूंच्या वाक्यानंतर व्हिडिओ आपोआप थांबवा आणि विचारा: आता तुम्ही काय म्हणाल? उत्तर मोठ्याने बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावा. चार पर्यायांचा प्रश्न अजिबात नको. सहानुभूतीचा पर्याय वाचून सगळेच ओळखतात. बोलताना जीभ अडखळते, आणि सराव त्याचाच हवा.

चुकीचा नमुना दाखवायचा तर खेकसणारा डॉक्टर दाखवू नका. ‘आम्ही असे नाही’ म्हणून सगळे मोकळे होतात. खरी चूक गोड असते: “घाबरू नका, हल्ली उपचार खूप चांगले आहेत!” हे तिसऱ्या सेकंदाला आलं की लग्नाचं वाक्य काकूंच्या मनातच राहतं.

“त्यांना सांगू नका, डॉक्टर” म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी वेगळा व्हिडिओ करा. दोन्ही एकत्र कोंबू नका.

आठवड्याच्या आत तिघातिघांचे गट करून ऑनलाइन सराव घ्या: एक डॉक्टर, एक रुग्ण, एक निरीक्षक. ‘छान बोललास’ हा अभिप्राय चालणार नाही. कोणतं वाक्य ऐकल्यावर रुग्ण पुढे बोलला, ते निरीक्षकाने शब्दशः लिहून वाचून दाखवायचं.