नव्या विकिपीडियाकराला पहिल्याच दिवशी पळवून लावू नका

मराठी विकिपीडियावर नवखा माणूस बहुधा आपल्या गावाच्या लेखापासून सुरुवात करतो. ‘आमचे गाव अतिशय निसर्गरम्य असून येथील लोक प्रेमळ आहेत’ असं वाक्य घालतो, संदर्भ देत नाही. जुना सदस्य येतो, एका क्लिकवर संपादन उलटवतो, म्हणजे केलेला बदल रद्द करतो, आणि नवख्याच्या चर्चापानावर (सदस्याला निरोप लिहायच्या पानावर) नियमांचा भलामोठा साचा, म्हणजे तयार मजकूर, चिकटवतो. नियमाला धरूनच असतं सगळं, पण तो माणूस पुन्हा फिरकत नाही.

त्यापेक्षा उपयोगी पडेल तेवढं ठेवा. निसर्गरम्यता काढा, पण ग्रामदैवताची यात्रा कोणत्या तिथीला भरते हे त्याने लिहिलं असेल तर ते राहू द्या आणि त्याच्या चर्चापानावर स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहा: ‘नमस्कार, यात्रेची माहिती चांगली आहे. वर्तमानपत्रातली बातमी किंवा गॅझेटियरचा संदर्भ मिळेल का? तो कसा जोडायचा ते सांगतो.’ खाली सही करा, म्हणजे उत्तर कुणाला द्यायचं ते त्याला कळेल.

एका वेळी एकच गोष्ट शिकवा. आधी संदर्भ; वर्ग (लेखांची विषयवार विभागणी), साचे, माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा थोडक्यात माहितीचा तक्ता) हे सगळं नंतर. प्रयोगांसाठी धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, दाखवा, तिथे काही बिघडलं तरी कुणी ओरडत नाही.

दुसऱ्या संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचललेला मजकूर मात्र लगेच काढा, प्रताधिकाराच्या बाबतीत भिडस्तपणा नको. फक्त का काढला ते त्याच वेळी सांगा. आणि त्याने पहिला नीट संदर्भ जोडला की लेखाच्या इतिहासाच्या पानावरून (जिथे प्रत्येक बदलाची नोंद असते) ‘धन्यवाद’ पाठवायला विसरू नका.