एंडगेममध्ये राजा कोपऱ्यातच बसतोय? टेबल दोन ठेवा

स्वतःचं चेस इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) लिहिताय आणि वजीर मारले गेले तरी राजा जी१ या कोपऱ्याजवळच्या घरात ढिम्म बसून राहतो ना, तर बहुतेक राजासाठी तुम्ही एकच टेबल, म्हणजे कुठल्या घरात बसल्यावर किती गुण ते सांगणारा तक्ता, ठेवलंय. तोमाश मिखनिएव्हस्की या चेस प्रोग्रामरचं साधं टेबल घ्या, मिडलगेममध्ये (डावाच्या मध्यात) जी१ ला +३० आणि पटाच्या मधल्या ई४ ला -४०, एंडगेममध्ये (मोजकेच मोहरे उरल्यावर) नेमकं उलट, जी१ -३०, ई४ +४०. पण वजीर गेल्यागेल्या धाडकन टेबल बदलू नका, इंजिन गडबडतं. पटावरच्या प्रत्येक घोड्याला-उंटाला १, हत्तीला २, वजिराला ४ असे गुण धरले की सुरुवातीला दोन्ही बाजूंचे मिळून २४ होतात. २४ म्हणजे पूर्ण मिडलगेम, ० म्हणजे पूर्ण एंडगेम, त्या प्रमाणात दोन्ही टेबलांतले आकडे मिसळायचे. दोघांकडे एकेकच हत्ती उरला तर गुण ४, म्हणजे ई४ साधारण +२७ आणि जी१ -२०, मग राजा आपोआप चालायला लागतो. प्यादी मोजायची नाहीत हं, मी मोजली होती 😅