विल्टशायरमधील जुन्या वास्तू कशा पाहाव्यात

इंग्लंडमधील विल्टशायर काउंटीत जाणारे बहुतेक प्रवासी स्टोनहेंज हे प्रागैतिहासिक शिळावर्तुळ पाहतात, छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळच्या आत लंडनला परततात. स्टोनहेंज थोर आहेच. पण या भागाचे खरे वैशिष्ट्य असे, की एका पिढीने टाकून दिलेली वास्तू किंवा तिचे दगड पुढच्या पिढ्यांनी निराळ्या कामाला लावले. म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न मनात ठेवून जावे: ही वास्तू मुळात कशासाठी उभारली, पुढे तिचे काय झाले आणि आज तिची देखभाल कोण करते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरूनच शोधून निघावे. हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेची संरक्षित वास्तूंची यादी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते; तिच्यात गावाचे नाव टाकले की तेथील नोंदी मिळतात. इमारतींना ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू असे दर्जे दिलेले असतात आणि ग्रेड वनमध्ये शंभरांतल्या जेमतेम दोन-तीन नोंदी बसतात. मात्र हा दर्जा संरक्षणाचा आहे, प्रवेशाचा नव्हे. यादीतील कित्येक घरांत आजही लोक राहतात. प्रेक्षकांसाठी खुली असलेली मोठी ठिकाणे प्रामुख्याने इंग्लिश हेरिटेज किंवा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थांकडे आहेत. तीन-चार ठिकाणे पाहायची असतील, तर सुट्या तिकिटांपेक्षा वार्षिक सदस्यत्व स्वस्त पडते का, हे आधी ताडून पाहावे. सप्टेंबरमध्ये जाणे जमत असेल तर फारच चांगले, कारण त्या महिन्यातील हेरिटेज ओपन डेजमध्ये एरवी बंद असणाऱ्या अनेक वास्तू विनाशुल्क उघडतात.

सुरुवात सॉल्झबरीपासून करावी, पण कॅथीड्रलपासून नव्हे. आधी गावाबाहेरच्या टेकडीवर, ओल्ड सॅरमला जावे. लोहयुगातील तटबंदीच्या आत नॉर्मन राजवटीत किल्ला आणि कॅथीड्रल उभे राहिले; त्या कॅथीड्रलचा आराखडा आज हिरवळीत पायाच्या रेषांच्या रूपाने दिसतो. १२२० साली खाली नदीकाठच्या सपाटीवर नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला आणि चौदाव्या शतकात राजाच्या परवानगीने जुन्याचे दगड नव्याच्या आवाराची भिंत बांधायला नेले. ही भिंत सावकाश, जवळून पाहावी. साध्या चिऱ्यांमध्ये मधूनच एखादा नक्षीदार तुकडा दिसतो. पाडलेल्या कॅथीड्रलचा तो अवशेष हाताच्या अंतरावर असतो आणि शेजारून जाणाऱ्यांचे त्याकडे लक्षही नसते.

कॅथीड्रलच्या आत मनोऱ्याखालच्या चार मुख्य खांबांपैकी एकापाशी उभे राहून नजर बुंध्यापासून हळूहळू वर न्यावी. खांब वाकलेला स्पष्ट दिसतो. १२५८ साली पवित्र केलेल्या इमारतीवर नंतर मनोरा आणि १२३ मीटर उंचीपर्यंत जाणारा शिखरसुळका चढवला गेला. सुमारे साडेसहा हजार टनांचा हा भार मूळ खांब आजतागायत पेलत आहेत. राजाच्या अधिकारांवर मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एकही येथेच आहे, पण वेळ कमी असेल तर माझे मत खांबांच्या बाजूने पडेल.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला रेल्वेने जाता येते. तेथील सेंट लॉरेन्स हे छोटे सॅक्सन, म्हणजे नॉर्मनपूर्व काळातील, चर्च मधल्या काळात शाळा आणि राहते घर म्हणून वापरात होते; ते मुळात चर्च आहे, हे एकोणिसाव्या शतकात गावच्या धर्मगुरूच्या ध्यानात आले. आतील कमानीच्या वर, उंचावर, दोन उडते देवदूत कोरलेले आहेत. त्यांच्यासाठी लहान दुर्बीण जवळ ठेवावी. नदीपलीकडचे चौदाव्या शतकातील प्रचंड धान्यकोठार शाफ्ट्सबरीच्या मठाचे होते. त्यात शिरताच आधी छताच्या लाकडी सांगाड्याकडे पाहावे.

लेकॉकमध्ये ख्रिस्ती जोगिणींचा मठ बंद झाल्यावर खरेदीदार विल्यम शेरिंग्टन याने चर्च पाडले, पण मठाचा कमानींचा चौक ठेवून त्याला घराचे रूप दिले. त्याच घराच्या एका जाळीदार खिडकीचे इवलेसे निगेटिव्ह छायाचित्रणाचे एक जनक हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ साली घेतले. ती खिडकी आतून अवश्य पाहावी.

एव्हबरी शेवटी ठेवावे. येथील शिळावर्तुळात गावाचा काही भाग वसलेला आहे आणि स्टोनहेंजला सहसा मिळत नाही ती मोकळीक, शिळांना हात लावण्याची, येथे आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत कित्येक शिळा विस्तवाने तापवून, त्यांवर गार पाणी ओतून फोडल्या गेल्या आणि त्यांचे तुकडे घरांच्या भिंतींत बसवले गेले. १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलर यांनी पडलेल्या व पुरलेल्या शिळा पुन्हा उभ्या केल्या आणि नाहीशा झालेल्यांच्या जागी काँक्रीटच्या खुणा रोवल्या. वर्तुळावरून चालताना या खुणा मोजत जावे आणि मग गावातल्या भिंतींत त्या हरवलेल्या शिळा शोधाव्यात; मात्र ही घरे लोकांची आहेत, म्हणून रस्त्यावरूनच पाहावे.