ब्रेकवर पाय जातो तेव्हा पेट्रोलही जाते

गाडीचा पेट्रोलखर्च कमी करायचा असेल, तर आधी तो नीट मोजावा. पंपावरील नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच टाकी भरावी आणि मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे. असे तीन-चार वेळा केले की गाडीचे खरे अ‍ॅव्हरेज कळते.

शहरात सर्वाधिक नासाडी होते ती ब्रेकमुळे. सुमारे १,१०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावरून थांबवली, की तिची सारी गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन विरून जाते. इंजिन पेट्रोलमधील जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते, हे धरले तर तोच वेग पुन्हा गाठायला साधारण १२ मिलिलिटर, म्हणजे अडीच चहाचे चमचे पेट्रोल लागते. पुण्यात कर्वे रस्त्यावरून नळ स्टॉपच्या चौकाकडे जाताना पुढचा लाल दिवा स्पष्ट दिसत असूनही आपण वेग वाढवतो आणि चौकात करकचून ब्रेक दाबतो. प्रत्येक सिग्नलला हे अडीच चमचे रस्त्यावर ओतल्यासारखेच आहे. त्याऐवजी लाल दिवा दिसताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, गाडी गिअरमध्येच ठेवावी आणि मागच्या वाहनाचा अंदाज घेत तिला आपोआप मंदावू द्यावे.

घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय तर आजच सोडावी. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. शिवाय सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात, आणि खंडाळ्याच्या उतारावर तापलेले ब्रेक जिवावर बेतू शकतात.

एक्स्प्रेस वेवर ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. टायरमधील हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, गाडीवरील स्टिकरवर दिलेल्या आकड्याप्रमाणे तपासावी.

त्यानंतर वाहनाच्या निवडीचा विचार करावा. एक लिटर पेट्रोलमध्ये विजेच्या सुमारे ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. त्या हिशेबाने लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार किलोमीटरमागे ०.६ युनिट खाते, लिटरला ५० किलोमीटर जाणारी स्कूटर ०.१८, तर विजेवरची स्कूटर साधारण ०.०३ ते ०.०४ युनिट. मोटारीत एकटेच बसून कार्यालयात जाणाऱ्याने हे आकडे शेजारीशेजारी मांडून पाहावेत. पुण्यातली वनाज ते रामवाडी मेट्रो ज्याच्या वाटेवर आहे, त्याने आठवड्यातून दोन दिवस तरी गाडी घरी ठेवावी.

दूध किंवा कोथिंबीर आणण्यासाठी अर्ध्या किलोमीटरवर गाडी नेऊ नये, कारण थंड इंजिन सुरुवातीच्या काही मिनिटांत नेहमीपेक्षा अधिक पेट्रोल पिते आणि ते पुरते तापायच्या आत आपण परत आलेलो असतो. लांबची किरकोळ कामे एकाच फेरीत उरकावीत, आणि सर्वांत दूरचे ठिकाण आधी घ्यावे, म्हणजे पुढच्या थांब्यांना इंजिन गरम मिळते.