किरकोळ वेगाचे ई-चलान : मालवाहू गाडीच्या मालकाने आणि चालकाने ते कसे हाताळावे

नाशिकमध्ये आडगावपासून अंबडपर्यंतच्या कोणत्याही ट्रान्सपोर्ट कचेरीत वेगमर्यादेच्या ई-चलानाचा मेसेज आला की बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘फिटनेसच्या (आरटीओच्या वाहन तपासणीच्या) वेळी बघू’ म्हणून तो बाजूला पडतो, नाहीतर कारकून रक्कम भरून टाकतो आणि महिनाअखेरीस ती चालकाच्या हिशेबातून वळती करतो. गाडी साठऐवजी अडुसष्टने गेली, अपघात झाला नाही, माल वेळेत उतरला, मग एवढे मनावर काय घ्यायचे, असा विचार त्यामागे असतो. अशाच एका कचेरीत गाड्यांचे कागद सांभाळताना माझे मत हळूहळू असे झाले आहे की, चलानाची रक्कम हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग असतो. महाग पडते ते चालकाच्या लायसन्सवर आणि मालकाच्या जबाबदारीवर त्यामुळे जे साचत जाते ते.

प्रथम मर्यादा नेमकी माहीत हवी. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू वाहनांसाठी द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर कमाल वेग ताशी ८० किलोमीटर आहे. महापालिका हद्दीतील रस्त्यांवर आणि इतर सर्व रस्त्यांवर तो ६० आहे. राज्य सरकार किंवा स्थानिक अधिकारी यापेक्षा कमी मर्यादा ठरवू शकतात, त्यामुळे घाटात, वळणावर किंवा शाळेजवळ फलकावर जो आकडा असेल तोच धरायचा. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडून येणारी गाडी तासन्तास ऐंशीच्या आसपास धावलेली असते. आडगाव ओलांडून शहरात शिरल्यावर रस्ता तसाच रुंद दिसतो, पुढे उड्डाणपूल लागतो आणि चालकाचा पाय सवयीने तिथेच राहतो. आमच्याकडची बहुतेक किरकोळ चलाने अशीच, सवयीने झालेली आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार मध्यम किंवा अवजड मालवाहू वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास दंड २ हजार ते ४ हजार रुपये आहे. हलक्या वाहनासाठी तो १ हजार ते २ हजार आहे. त्याच कलमात पुढे असे आहे की, हाच गुन्हा दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर केव्हाही घडल्यास चालकाचे लायसन्स जप्त करायचे. इथे जवळपास प्रत्येक जण एक चूक करतो : आधीचे चलान भरले म्हणजे ते मिटले, आता पाटी कोरी झाली, असे धरून चालतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये स्पष्ट केले आहे की, तडजोड शुल्क भरून मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जाईल, आणि शुल्क भरल्यामुळे लायसन्सवरील कारवाईतून सुटका होणार नाही. म्हणून चलान भरण्यापूर्वी ते वाचणे भाग आहे.

चलान उघडल्यावर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, नोंदलेला वेग आणि छायाचित्र या क्रमाने तपासावे. क्रमांकाची पाटी चिखलाने अर्धवट झाकलेली असेल तर एखादा आकडा चुकीचा वाचला जातो. माझ्यासमोर असे एक चलान आले होते, ज्यातील छायाचित्रात दहा चाकी ट्रकऐवजी पिकअप उभी होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ, जो २०२१ मध्ये आला, त्यानुसार वेग मोजणाऱ्या यंत्राला मंजुरीचे प्रमाणपत्र असावे लागते व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते, यंत्र बसवलेल्या जागेआधी सूचनाफलक असावा लागतो आणि गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवावी लागते. कलम १८३ मध्येच असेही आहे की, यंत्राच्या मोजमापाचा आधार नसताना एकट्या साक्षीदाराच्या ‘गाडी जोरात होती’ या मतावर दोष ठरवता येत नाही. तक्रार करायची असेल तर ती या मुद्द्यांवर करावी. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि ‘महाट्रॅफिक’ ॲपवर तक्रारीची सोय आहे. त्याच दिवशी जीपीएसचा त्या वेळेच्या आसपासचा अर्ध्या तासाचा अहवाल उतरवून ठेवावा, कारण सेवा देणारे जुना तपशील कायम ठेवत नाहीत. जीपीएसने गाडी हिरावाडीत दाखवली आणि चलान सिन्नरचे असेल तर वाद लगेच मिटतो. मात्र जीपीएसचा वेग ६४ आणि यंत्राचा ६८ असेल, तर चार किलोमीटरसाठी भांडण्यात वेळ घालवू नये. दोन्ही आकडे साठच्या वरच आहेत.

हे सर्व करायला मेसेज मुळात पोहोचला पाहिजे. जुनी गाडी घेताना किंवा कर्जावर नवी गाडी काढताना नोंदणीत एजंटाचा मोबाइल क्रमांक गेलेला असतो आणि वर्षभराची चलाने त्या एजंटाच्या फोनवर पडून राहतात. मालकाला ती दिसतात ती पेठ रोडच्या आरटीओत फिटनेसचे काम अडते तेव्हा, किंवा लोकअदालतीची नोटीस येते तेव्हा. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनाला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो, म्हणजे घटना आणि शोध यांत दोन वर्षे जाऊ शकतात, आणि तोवर त्या दिवशी गाडीवर कोण होते हे कोणालाच आठवत नाही. ‘वाहन’ या सरकारी नोंदणी पोर्टलवरील मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा आणि त्यानंतरही दर सोमवारी चलानाच्या संकेतस्थळावर सर्व गाड्यांचे क्रमांक टाकून पाहावेत. दहा गाड्यांना पाऊण तास पुरतो.

गाडीवर कोण होते, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. कॅमेऱ्याचे चलान गाडीच्या क्रमांकावर, म्हणजे मालकाच्या नावे निघते. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव व लायसन्सचा तपशील देणे मालकावर बंधनकारक आहे. लांबच्या फेरीत दोन चालक असतात, नाशिकला एक उतरतो आणि दुसरा चढतो, आणि कचेरीच्या वहीत मात्र फेरी एकाच्याच नावावर असते. आमच्याकडे एका चालकाच्या उचलीतून ४ हजार रुपये कापले गेले आणि महिनाभराने डिझेलच्या पावतीवरील वेळेवरून कळले की, त्या रात्री पिंपळगावपासून गाडी दुसऱ्याच्या हाती होती. पैसे परत दिले गेले, पण तो माणूस दोन महिन्यांत दुसरीकडे लागला, आणि अंबडच्या कोणत्याही मालकाला विचारा, अवजड गाडीवर चांगला चालक मिळवणे हे चार हजारांपेक्षा पुष्कळ महाग काम आहे. तेव्हापासून ट्रिपशीटवर, म्हणजे फेरीच्या नोंदपत्रावर, एक ओळ वाढवली आहे : ‘विल्होळी, पहाटे ४.१०, चालक बदल’, आणि खाली दोघांच्या सह्या.

दंड कोणी भरायचा, याचे आमच्या कचेरीतील उत्तर असे आहे की, फेरीची वेळ पुरेशी दिलेली असताना चालकाने वेग ओलांडला असेल तर जबाबदारी त्याची, आणि वेळच अपुरी दिली असेल तर कचेरीची. चालकाकडून कापून घ्यायचे ठरवले तरी न विचारता पूर्ण रक्कम एकदम कापता येत नाही. वेतनविषयक कायद्यात मालकाने लावलेल्या दंडाला त्या कालावधीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे आणि आधी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. वीस हजार पगारावर ही मर्यादा ६०० रुपये होते. चालकाने स्वतःहून कचेरीकडे चलानाची प्रत मागून घ्यावी, ती दाखवण्यास कचेरी टाळाटाळ करत असेल तर कपातीला लेखी हरकत घ्यावी, आणि गुन्हा आपला नसेल तर ‘जाऊ दे, साहेबांशी वाद नको’ म्हणून तो अंगावर घेऊ नये. आज अंगावर घेतलेले एक चलान पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून त्याच्याच नावापुढे उभे राहते.

लायसन्स जप्त होऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे गेले तर चालकाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. तिथे हजर राहावे, ट्रिपशीट आणि जीपीएसचा अहवाल सोबत न्यावा. कलम १९ खाली अपात्रतेचा आदेश निघाल्यास त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांत अतिवेगासाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबनाचा उल्लेख आहे. तीन महिने म्हणजे द्राक्षाचा जवळजवळ पूर्ण हंगाम. या काळात मालकाने ‘एकच फेरी मार’ म्हणून त्याच चालकाला गाडीवर चढवू नये. अपात्र असताना गाडी चालवणाऱ्याला १० हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते, गाडी देणाऱ्या मालकावर कलम १८० लागते, आणि त्या फेरीत अपघात झाला तर अपात्र चालक हा विमा कंपनीसाठी कायद्याने मान्य केलेला बचाव ठरतो. कंपनीला जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करता येते. चार हजारांपासून सुरू झालेली गोष्ट इथे गाडीच्या किमतीपर्यंत जाऊ शकते.

वेगनियंत्रकाबद्दल, म्हणजे ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणाऱ्या यंत्राबद्दल, थोडक्यात : बहुतेक मालवाहू गाड्यांत तो ८० वर आणि टँकर व डंपरमध्ये ६० वर बांधलेला असणे अपेक्षित आहे. चलानावर ९२ असा आकडा दिसला तर चालकाला बोलावण्याआधी गाडी मेकॅनिककडे न्यावी. नियंत्रक काढला गेला आहे किंवा बिघडला आहे.

शेवटचे काम मालकाचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथे होते. कलम १८३ चालवणाऱ्याइतकेच चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. वेगमर्यादा न ओलांडता पूर्ण होऊच शकणार नाही अशा वेळेत फेरी पूर्ण करण्याची सूचना देणे, हा त्या मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. आपल्याकडे अशा सूचना व्हॉट्सॲपवर जातात आणि तिथेच राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून, म्हणजे माल पॅक करण्याच्या केंद्रातून, द्राक्षाचा कंटेनर न्हावाशेवा बंदराला जातो, अंतर सुमारे २२० किलोमीटर. शीतगृहातला माल उशिरा निघाल्याने लोडिंग रात्री दीडला संपते आणि चालकाला मेसेज जातो, ‘सकाळी सहाला गेट-इन पाहिजेच’, म्हणजे सहाला कंटेनर बंदराच्या फाटकातून आत गेला पाहिजे. साडेचार तासांत २२० किलोमीटर म्हणजे न थांबता ताशी ४९ ची सरासरी, आणि मध्ये नाशिक शहर, कसारा घाट, भिवंडीची रांग. प्रत्यक्षात भरलेल्या कंटेनरची सरासरी ३५ ते ३८ च्या आसपास पडते, आणि अर्ध्या तासाची विश्रांती धरली की साडेसहा तास लागतात.

मधला फरक चालक मोकळ्या रस्त्यावर भरून काढायला पाहतो, पण तो भरून निघत नाही. शहर हद्दीतील दहा किलोमीटर साठऐवजी अडुसष्टने तोडले तर एक मिनिट अकरा सेकंद वाचतात. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात थांबण्याचे अंतर वाढत असल्याने ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मात्र २८ टक्क्यांनी वाढते. म्हणून चलान आले की मी आता प्रथम ट्रिपशीटवरील लोडिंग संपल्याची वेळ पाहतो. गेल्या हंगामात एकाच पॅकहाउसच्या फेऱ्यांवर तीन चलाने आली, तिन्ही वेगवेगळ्या चालकांची, आणि तिन्ही वेळा लोडिंग मध्यरात्रीनंतर संपले होते. चालकांना समज देण्याऐवजी आम्ही पॅकहाउसला लेखी कळवले की, रात्री साडेअकरानंतर सुटणाऱ्या कंटेनरसाठी सकाळी सहाची वेळ स्वीकारली जाणार नाही आणि उशिराचा खर्च लोडिंग उशिरा संपवणाऱ्याकडे राहील. पहिल्या आठवड्यात फोनवर बरीच बोलाचाली झाली. त्यानंतर कंटेनर साडेदहाला सुटू लागले.