मॅटॅडोरची सहा भोकं

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि चौथ्या दिवशी मामाची मॅटॅडोर, म्हणजे बजाज टेम्पोची जुनी व्हॅन, आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरासमोर येऊन उभी राहिली. येऊन म्हणजे ट्रॅक्टरमागे दोरीने ओढत. त्याआधी नऊ वर्षं ती निफाडजवळ मामाच्या मळ्यात, कांद्याच्या चाळीमागे, बारदान ठेवायची खोली म्हणून कामाला होती. १९९२ चं मॉडेल. आजोबांच्या काळात अख्खं खटलं तिच्यातून वणीच्या गडावर जायचं, असं आई सांगते. मला तिची कॅम्पर करायची होती. मागे पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि भंडारदऱ्याला मुक्काम, एवढंच डोक्यात.

आता मी एकोणीसचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा चालू आहे आणि गाडी रस्त्यावर आहे. पण मधल्या तीन वर्षांतलं एक अख्खं वर्ष मी माझ्याच हाताने पाण्यात घातलं. पाण्यात हा शब्द इथे शब्दशः घ्या.

ग्राइंडर कसा धरायचा, चष्मा का लावायचा, वेल्डिंगआधी बॅटरीची वायर का काढायची, हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो. नसेल तर आधी एखाद्या गॅरेजात महिनाभर झाडू मारा. चेष्टा करत नाहीये, मी मारलाय.

आधी दिलासा देतो, कारण सुरुवातीला सगळे इंजिनालाच घाबरतात. मीही घाबरलो होतो. मॅटॅडोरच्या इंजिनाला घाबरू नका. आमच्या गाडीतलं डिझेल मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, तेच घराणं त्यांच्या ट्रॅक्स जीपमध्येही वापरलं. त्यामुळे पार्ट मिळतात आणि ते इंजिन डोळे मिटून खोलणारे मेस्त्री द्वारका, वडाळा नाका भागात अजून आहेत. आमचं इंजिन नवीन बॅटरी, नवीन फिल्टर, धुतलेली टाकी आणि दोन दिवसांच्या शिव्या एवढ्यावर सुरू झालं. शिवाय या गाडीचं इंजिनही पुढे आणि ओढणारी चाकंही पुढे. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नाही, म्हणून तळ खाली आणि सपाट. पलंग टाकायला याहून बरी गाडी आपल्याकडे जुन्यात सापडणार नाही.

मात्र बॉडीचा एक पत्रा कुठे मिळत नाही. अंबड लिंक रोडच्या भंगारात मी तीन रविवार घातले. एक आरसा आणि दाराच्या दोन मुठी मिळाल्या. बॉडी तुम्हालाच घडवायची आहे, आणि गाडी मरते ती बॉडीनेच.

आता मूळ गोष्ट. ही मी लांबण लावून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

मॅटॅडोरच्या दाराखाली, चाकापासून चाकापर्यंत, पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. बाहेरून ती नुसती पट्टी दिसते, पण आत हवा असते. गाडीचा बराच भार ती पेटी पेलते. मी गाडीखाली झोपून बॅटरी मारली तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूला पेटीच्या बुडाला अकरा भोकं दिसली. काही बोटाएवढी, काही रुपयाएवढी, एक तर तळहाताएवढं. मी सोळा वर्षांचा, हातात नवा ग्राइंडर, मनात एकच मंत्र: भोक दिसलं की बुजवायचं. सगळी बुजवली. पत्र्याचे तुकडे कापले, वेल्ड केले, घासून सपाट केले, वर पुट्टी, त्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर, आणि खालून काळं अंडरकोटिंग ब्रशने दोन हात. दुसऱ्या बाजूलाही तेच. फोटो काढून मामाला पाठवला. मामा म्हणाला, "शोरूम पीस!"

त्या अकरांतली तीन भोकं गंजाची नव्हती. कारखान्यानेच पाडलेली होती. दोन्ही बाजूंची मिळून सहा.

पाणी गाडीत येतंच. काचेच्या रबरी बीडिंगमधून झिरपतं, दाराच्या आतून खाली उतरतं, खांबांमधून घरंगळत शेवटी त्याच पेटीत जमतं. ते आत येऊ नये म्हणून कंपनी फार जीव काढत नाही. आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून बुडाला भोकं ठेवते. मी आत यायचे रस्ते तसेच ठेवले, कारण जुनी बीडिंग बदलायला पैसे नव्हते, आणि बाहेर जायचे सगळे बंद केले. पेटीची टाकी झाली. त्यात वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळून पत्रा उघडा पडलेला. तिथे ब्रश पोचत नाही, हात पोचत नाही, आणि मला तर तिथे काही लावायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

जुलैभर गाडी दारात भिजत उभी. ऑगस्टमध्ये बाबांनी ती दहा फूट मागे घेतली आणि ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली "डुबुक" असा आवाज आला. डिझेलची टाकी हिंदकळली असेल, असं मीच सांगितलं. बाबा सातपूरला एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतात, धातूतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण माझ्या आत्मविश्वासापुढे गप्प बसले. दिवाळीत फराळाची ताटं नेऊन देताना पायरीपाशी रंगाला फोड आलेला दिसला, मुगाच्या दाण्याएवढा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबला तर ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं आणि मागोमाग कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. दोन तांबे तरी असेल. ऑक्टोबर उलटून गेलेला, पाऊस थांबून आठवडे झालेले, आणि आत पाणी. पेटी कापून उघडली तर खारीला सुटतात तसे पापुद्रे हातात आले. नऊ वर्षं मळ्यात उभं राहून जेवढी गंजली नव्हती तेवढी माझ्या एका पावसाळ्यात गंजली.

ज्यांच्याकडे मी झाडू मारला ते चाचा येऊन बघून गेले. म्हणाले, "तिची लघवी बंद केलीस. दुसरं काय होणार?"

तर आता ऐका. ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी गाडी वॉशिंग सेंटरला नेऊन खालून धुवून घ्या. आमच्या पुढच्या चाकांच्या वर पाच-पाच किलो काळी माती बसली होती, आणि काळी माती ओल कशी धरते ते निफाडवाल्यांना विचारा. धुतल्यावर प्रत्येक भोकाभोवती खडूने गोल करा आणि फोटो काढा. मग दोन्ही बाजू ताडून बघा. डावीकडे जिथे भोक आहे तिथेच उजवीकडेही असेल आणि मधली अंतरं जुळत असतील, तर ते कारखान्याचं. त्याची कड गोल असते, कधी आत किंचित वळलेली. गंजाचं भोक वेडंवाकडं असतं, त्याची कड नखाने मोडते. गंज फार असेल तर कारखान्याचं भोकही खाल्लं जाऊन मोठं झालेलं असतं, तिथे माझ्यासारखी फसगत होते. म्हणून शेवटची खूण पाण्याची. काचेच्या खाचेत वरून तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि खाली झोपून ते कुठून पडतं ते बघा. पडतं तिथे भोक हवं. मागच्या दाराचे खालचे कोपरेही असेच बघा.

तुकडा बसवायचाच असेल तर बसवा, पण त्याच जागी पुन्हा ड्रिलने दहा एमएमचं भोक पाडा, कड घासा, प्रायमर लावा. सगळं वेल्डिंग संपल्यावर पेटीच्या आत बारीक नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत गंज धरू नये म्हणून फवारायचं मेण, मारा. आधी मारू नका, वेल्डिंगला पेट घेतं. आणि वॅक्स मारून झाल्यावर त्याच भोकांतून तार घालून ती मोकळी करा, कारण वॅक्सनेही ती बुजतात. हो, माझी बुजली होती. दुसऱ्यांदा.

माझ्या अंडरकोटिंगचा खर्च साडेतीन हजार होता, ते खरवडून पेटी पुन्हा बांधायला चौदा हजार गेले. ती बाबांची दिवाळी होती.

शॉर्टकटांबद्दल माझं मत कडू आहे. गंजावर ओतायचं ते काळं करणारं औषध पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर काम करतं. पापुद्र्यावर ओतलंत तर पापुद्रा काळा होतो, बस. गाडीखाली जळकं ऑइल मारायचा सल्ला प्रत्येक नाक्यावर फुकट मिळेल, पण त्यावर धूळ बसते, रबर फुगतं, आणि पुढे कधी रंग द्यायचा म्हटलं तर धरत नाही. नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी पावसात उभी करू नका, त्यातून ओल आत जाते. आणि पत्रा घेताना दुकानदार जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा देईल, "गंजतच नाही" म्हणून. मी बंद शेडमध्ये तोच वेल्ड केला. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला, रात्री हुडहुडी भरून ताप. आईला वाटलं डेंग्यू. सकाळपर्यंत उतरला, पण त्या रात्रीनंतर साधा वीस गेजचा काळा पत्रा, आणि काम उघड्यावर.

मेस्त्री निवडताना एवढंच बघा, तो तुम्हाला बिघडवू देतो का. हातातून वेल्डिंगचा टॉर्च काढून घेऊन पाच मिनिटांत करून देणाऱ्याकडे गाडी नीट होते, तुम्ही नाही. चाचांनी मला भंगारातल्या दरवाजावर दोन महिने वेल्डिंगचे टाके मारायला लावले. तेव्हा राग यायचा. भोकांबद्दल मात्र त्यांना विचारायचं मलाच सुचलं नाही, कारण मला वाटलं ते सोपं काम आहे.

कागदांचं थोडक्यात. गाडी विंटेज म्हणून मिरवू नका. कायद्याने त्याला ५० वर्षं लागतात, म्हणजे आमची २०४२ ला होईल. तोवर ती नुसती जुनी गाडी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी पेठ रोडवर आरटीओत तपासणी करून वाढवून घ्यायची. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा दिल्लीचा नियम इथे नाही, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा कोणीतरी विचारतंच. आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, खासगी आहे की ट्रान्सपोर्ट ते गाडी ओढून आणायच्या आधी वाचा. चासी नंबर कुठे ठोकलाय ते शोधून त्यावर टेप लावा, चुकून ग्राइंडर फिरला तर पुढचं मला सांगवत नाही. आरसीवर जे लिहिलंय ते परवानगीशिवाय बदलायचं नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. त्यामुळे सीट काढायच्या, छत कापायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा. बाबांना कुंभमेळ्यात ती भाड्याने लावायची होती. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी भाड्याने लावता येत नाही.

आणि तुम्ही अठराच्या आतले असाल तर गेटबाहेर स्टिअरिंग धरायचं नाही, गल्लीतसुद्धा नाही. कलम १९९अ. पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि तुम्हाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मी दोन वर्षं फक्त उभ्या गाडीत गिअर टाकत बसलो. कंटाळवाणं होतं, पण बाबा घरी होते.

आतल्या सुतारकामाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, तो भाग सोपा आणि मजेचा आहे. फक्त प्लाय थेट पत्र्याला चिकटवू नका, मागे फट ठेवा. आणि पाच किलोचा सिलिंडर ठेवणार असाल तर त्याच्या कप्प्याच्या बुडाला बाहेर उघडणारं भोक ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. थंडी येते म्हणून माझ्या मित्राने त्यात बोळा कोंबला होता. मी त्याला गाडीतून उतरवलं.

पहिला मुक्काम भंडारदऱ्याला झालाच नाही. मागच्या डिसेंबरात नांदूर मध्यमेश्वरला झाला, पक्षी बघायला, आणि रात्री थंडीने दात वाजले. पण पाय लांब करून झोपलो.

आता दर मे अखेरीस एक काम ठरलेलं आहे. मी गाडीखाली झोपतो, बाबा वरून खाचेत तांब्याने पाणी सोडतात आणि मी धारा मोजतो. यंदा पाचच आल्या. बाबा वरून विचारत होते, "सहावी?" झाडूतली हिराची काडी मागून घेतली आणि मागच्या भोकात घातली. मऊ काहीतरी लागलं. कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, बोराएवढं, आत एक अळी. ते फुटलं, आणि आधी माती, मग पाणी, सगळं माझ्या तोंडावर आलं.

"आली," मी ओरडलो.