वाढीव खोलीच्या भिंती आतून कशा कराव्यात?

पडवी बंद करून किंवा घरामागे खोली वाढवली की लगेच रंगाची छटा निवडायला सगळे बसतात. रंग शेवटी. वाढीव खोलीच्या चार भिंती सारख्या कधीच नसतात: एक कालपर्यंत घराची बाहेरची भिंत होती, बाकीच्या नव्या आणि त्यातली एखादी पावसाची झड खाणारी. निवड भिंतीगणिक करा.

१. ओल तपासा. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतलीच. मग आधी बाहेरून गळती बंद करायची. पीव्हीसी पॅनेल लावून ओल झाकू नका. मागे बुरशी वाढत राहते.

२. जुनी भिंत खरवडा. बाहेरच्या रंगावर नवा गिलावा धरत नाही. रंग काढून छिन्नीने टाचे, म्हणजे गिलावा धरायला छोटे खड्डे, मारा, धुवा, मगच गिलावा. जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यावर दोन्हीकडे सहा-सहा इंच जाळी मारतात. पण नवा पाया थोडा बसतोच आणि जाळी असूनही तडा येऊ शकतो. माझ्या मते तिथे सरळ उभी खाच ठेवावी; तडा गेला तरी खाचेतच राहतो.

३. आता गिलावा. जिप्समच्या गिलाव्याला पाणी मारावं लागत नाही, पुट्टीही सहसा लागत नाही, काम लवकर उरकतं. मात्र पाणी लागलं की तो मऊ पडतो, म्हणून झडीच्या आणि न्हाणीघराच्या भिंतीला नकोच. तिथे सिमेंटचा गिलावा, साधारण १२ मिमी. किमान सात दिवस पाणी मारा आणि रंगाआधी महिनाभर वाळू द्या. गवंडी-रंगारी घाई करतील, ऐकू नका. न्हाणीघराला टाइल्स.

कोकणातल्या चिऱ्याच्या जुन्या भिंतीत थोडी ओल राहणारच. तिथे नीरू (चुन्याचा गुळगुळीत लेप) आणि वर चुना बरा, कारण त्यातून ओल बाहेर पडते. प्लास्टिक पेंटखाली ती कोंडते आणि पोपडे निघतात. चुना हाताला लागतो, तेवढं चालवून घ्यायचं.

४. दर ठरवताना खिडकी-दारांच्या कडा मापात धरल्यात का, ते आधीच विचारा. प्रायमरआधी संध्याकाळी भिंतीला खेटून दिवा धरा. तिरप्या उजेडात सगळे उंचवटे दिसतात आणि ते घासून घ्यायला रंगारी अजून घरातच असतो.